बीटल्सच्या वतीने

श्रोतेहो, नमस्कार. रॉक संगीताचा विषय निघाला की गायक, गिटारवादक, फार तर बँडचा व्यवस्थापक यांची नावे आपल्याला आठवतात. परंतु त्या बँडविषयी वर्तमानपत्रांत जे छापून येते, त्यातले पुष्कळसे ज्याच्या टंकलेखन यंत्रातून उतरलेले असते, तो प्रसिद्धी अधिकारी सहसा कोणाला ठाऊक नसतो. आज मी अशाच एका गृहस्थांविषयी, म्हणजे बीटल्स या लिव्हरपूलच्या चौघा तरुणांच्या बँडचे प्रसिद्धी अधिकारी टोनी बॅरो यांच्याविषयी बोलणार आहे, आणि ओघाने पुढे तेच काम वेगळ्याच तऱ्हेने करणाऱ्या डेरेक टेलर यांच्याविषयीही.

बॅरो मूळचे लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीचे. लंडनमध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीत ते रेकॉर्डांच्या वेष्टनांवरचा मजकूर लिहीत आणि त्याच वेळी ‘लिव्हरपूल एको’ या वर्तमानपत्रात ‘डिस्कर’ या टोपणनावाने नव्या रेकॉर्डांचे सदर चालवीत. १९६१ च्या अखेरीस ब्रायन एपस्टाइन या लिव्हरपूलच्या रेकॉर्डविक्रेत्याने डिस्करला पत्र लिहून, आपल्या बँडविषयी काही लिहावे, अशी विनंती केली. रेकॉर्ड निघाल्याखेरीज सदरात काही लिहिता येत नाही, असे बॅरो यांनी सांगितले खरे, पण ही गोष्ट त्यांनी डेक्कातल्या लोकांच्या कानावर घातली आणि १ जानेवारी १९६२ रोजी बीटल्सची तेथे चाचणी झाली. डेक्काने त्यांना नाकारले, हे सर्वांना माहीतच आहे. गंमत पुढेच आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘लव्ह मी डू’ ही रेकॉर्ड डेक्काच्या प्रतिस्पर्धी ईएमआयकडून बाहेर पडली, तेव्हा पत्रकारांसाठी तिची माहितीपत्रके तयार करणारा माणूस अजून डेक्काचाच पगार घेत होता! १९६३ मध्ये मात्र बॅरो रीतसर एपस्टाइन यांच्या नोकरीत आले.

बीटल्सना ‘फॅब फोर’, म्हणजे अफलातून चौकडी, हे बिरूद मिळाले ते बॅरो यांच्या लेखणीतून, आणि त्यांच्या पहिल्या लाँगप्ले रेकॉर्डच्या मागील बाजूचा मजकूरही त्यांचाच होता. चाहत्यांच्या संघटनेकडे येणाऱ्या पत्रांना उत्तरे देणे अशक्य होऊन तक्रारी वाढू लागल्या, तेव्हा नाताळात चौघांच्या आवाजातील थट्टामस्करीची एक पातळ, लवचीक रेकॉर्ड प्रत्येक सभासदाला घरपोच पाठवावी, ही कल्पना त्यांनी काढली. १९६३ पासून पुढे दरवर्षी ती पाळली गेली. माझ्या मते त्यांची ही सर्वांत शहाणपणाची युक्ती होय, कारण तिच्यात खोटे काहीच नव्हते. एरवी या धंद्यात झाकपाक भरपूर असते. चौघांपैकी जॉन लेननचे लग्न ऑगस्ट १९६२ मध्येच झाले होते, परंतु चाहत्या मुलींचा विरस होऊ नये म्हणून ते बराच काळ जाहीर होऊ दिले गेले नाही.

झाकपाक कशी केली जाते, याचा नमुना जून १९६३ मध्ये सापडतो. चौघांतल्याच पॉल मॅकार्टनीच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या मेजवानीत दारूच्या नशेत लेननने बॉब वूलर या जुन्या स्नेह्याला बेदम मारले. ‘डेली मिरर’ला सुगावा लागला. बॅरो यांनी लेननला दूरध्वनी केला, तर त्याला पश्चात्ताप नव्हता आणि माफीचे नावही काढायचे नव्हते. तरीही वर्तमानपत्रात जे आले, त्यात लेनन मनापासून दिलगीर असल्याचे दिसले, कारण ते शब्द त्याच्या तोंडी बॅरो यांनी घातले होते. छापील मजकुराला चेहरा नसतो, आवाज नसतो. त्यामुळे दुसऱ्याची दिलगिरी लिहून देता येते, आणि बॅरो यांच्या व्यवसायाचा मोठा भाग याच सोयीवर उभा होता.

तीन वर्षांनी ही सोय उरली नाही. मार्च १९६६ मध्ये लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’साठी मॉरीन क्लीव्ह यांनी चौघांवर स्वतंत्र लेख लिहिले. त्यांतल्या एकात लेननने, ख्रिस्ती धर्म ओसरत चालला आहे आणि आजमितीस आम्ही येशूपेक्षाही लोकप्रिय आहोत, असे म्हटले होते. इंग्लंडमध्ये कोणी भुवईदेखील उंचावली नाही. त्यानंतर बॅरो यांनी त्या मुलाखती ‘डेटबुक’ या अमेरिकी मासिकाला देऊ केल्या. बीटल्स हे नुसते केस हलवणारे पोरगे नसून विचार करणारे तरुण आहेत, हे तिकडच्या वाचकांनाही दिसावे, इतकाच हेतू असावा. मासिकाने वादग्रस्त वाक्ये ठळक करून छापली. जुलैच्या अखेरीस अलाबामातील बर्मिंगहॅमच्या एका रेडिओ केंद्राने बीटल्सवर बहिष्कार पुकारला, दक्षिणेकडील गावांत रेकॉर्डांच्या होळ्या पेटल्या, आणि हे सगळे नेमके अमेरिकेचा दौरा तोंडावर आलेला असताना. मजकुरातले अक्षरही बदललेले नव्हते. बदलला होता तो वाचणारा समाज, आणि ते ओळखण्यात बॅरो यांच्यासारखा मुरलेला माणूसही कमी पडला.

११ ऑगस्टला शिकागोच्या हॉटेलात पत्रकार परिषद झाली. या वेळी दिलगिरी लिहून देऊन भागणार नव्हते. लेननला दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांपुढे बसून ती स्वतः बोलावी लागली. तो अडखळला, स्पष्टीकरणे देत राहिला, आणि शेवटी एकदाचे ‘सॉरी’ म्हणाला. त्याचा तो चाचपडणारा सूर पाहिला की वाटते, घोटून लिहिलेल्या कोणत्याही निवेदनाने एवढे काम केले नसते.

२९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर बीटल्सचा शेवटचा तिकीट लावून केलेला कार्यक्रम झाला. मॅकार्टनीच्या सांगण्यावरून बॅरो यांनी तो आपल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित केला, पण अखेरच्या गाण्यात टेप संपली. त्यानंतर दोनएक आठवड्यांनी चौघांपैकी जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईला आला आणि खोटे नाव सांगून, मिशी राखून ताजमहाल हॉटेलात उतरला. लवकरच ओळख फुटली, खाली मुलामुलींचे थवे जमले आणि अखेर ताजमध्येच पत्रकार परिषद घ्यावी लागली. आपण येथे बीटल म्हणून नव्हे, तर शिष्य म्हणून आलो आहोत, अशी भूमिका त्याने मांडली. तीही स्वतःच्याच शब्दांत.

बॅरो यांनी १९६८ मध्ये स्वतःची संस्था काढली. त्याच वर्षी बीटल्सच्या ॲपल कंपनीत प्रसिद्धीचे काम डेरेक टेलर यांच्याकडे आले. मँचेस्टरला ‘डेली एक्सप्रेस’चे बातमीदार असताना १९६३ मध्ये ते बीटल्सच्या कार्यक्रमाचे वृत्त द्यायला गेले आणि त्यांच्यातलेच एक होऊन बसले. मधल्या काळात कॅलिफोर्नियात त्यांनी बर्ड्स आणि बीच बॉईज या बँडची प्रसिद्धी सांभाळली, आणि पंडित रविशंकर ज्यात वाजवले त्या १९६७ च्या माँटेरी संगीत महोत्सवाचीही. बातमी घडवण्यापेक्षा बातमीदारांशी गप्पा मारण्याकडे टेलर यांचा ओढा अधिक होता.

१० एप्रिल १९७० रोजी ‘डेली मिरर’ने मॅकार्टनी बीटल्समधून बाहेर पडल्याची बातमी पहिल्या पानावर छापली. टेलर यांनी काढलेल्या निवेदनात ना खंडन होते, ना दुजोरा. वसंत आला आहे, उद्या लीड्स आणि चेल्सी यांचा फुटबॉल सामना आहे, चौघेही हयात आहेत, धडधाकट आहेत आणि आशेने भरलेले आहेत, अशा अर्थाची ती काही वाक्ये होती. काहीही न सांगणारे इतके सुरेख निवेदन माझ्या वाचनात दुसरे नाही. सामना दुसऱ्या दिवशी २-२ असा बरोबरीत सुटला आणि महिनाअखेरीस पुन्हा खेळवावा लागला. बीटल्सचे प्रकरण मात्र त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला न्यायालयात गेले.