कुणी पाणी न घातलेली झाडं

(दृश्य: बेळगावच्या टिळकवाडीतली गच्ची. ताणलेल्या प्लास्टिकवर पावसाचा आवाज.)

जुलै महिना. चार दिवस पाऊस थांबलेला नाही. काकूच्या गच्चीवर सत्तर-ऐंशी कुंड्या आहेत आणि त्यांतल्या एकीलाही हा पाऊस सोसत नाही. वर प्लास्टिक, खाली विटा, कुंडीत माती थोडी आणि जांभ्याची खडी जास्त. एवढं करूनही दरवर्षी दहा-बारा रोपं जातात. वरून धडधाकट दिसतात, बोट लावलं की आत नुसतं पाणी. "कुजलं गं," एवढंच काकू म्हणते आणि कुंडी बाजूला ठेवते.

लिथॉप्स, कोनोफायटम, हॉवर्थिया. पानांत पाणी साठवणारी, दक्षिण आफ्रिकेतली झाडं. तशी परमुलखातली झाडं आपल्याला नवी नाहीत. अथणी-चिक्कोडीकडं बांधाला लावतात तो शेर मूळचा आफ्रिकेतला. पानफुटी मादागास्करची. ती इथं रुळली, आपली झाली. दगडासारखं दिसणारं लिथॉप्स मात्र रुळत नाही. का, हे काकूला पुस्तकं वाचून कळत होतं, पण पटत नव्हतं. तिला ती जागा बघायची होती.

(दृश्य: भिशीची वही. नावांवरून फिरणारं बोट.)

अशी चार माणसं जमली. काकू, शाळेतून निवृत्त. निपाणीचे एक हिशेबनीस. खानापूरला वेल्डिंगचं दुकान असलेले दादा. चिक्कोडीचा, शेतीचा डिप्लोमा केलेला एक पोरगा. तीन वर्षं भिशी चालवली, ती फक्त या प्रवासासाठी. शेजारच्या मावशींनी विचारलं, "काय वो बाई, दगडं बघायला एवढ्या लांब?" काकू म्हणाली, "होय की. दगडंच बघायला."

एक अडचण होती. तिकडच्या फुलांचा बहर ऑगस्ट-सप्टेंबरचा, आणि बेळगावचा माणूस गणपतीत घर सोडत नाही. 2023 साली अधिक श्रावण आला, गणपती 19 सप्टेंबरवर गेले, आणि ऑगस्टचा महिना मोकळा मिळाला. पाचवी मी, कॅमेरा घेऊन.

(दृश्य: गाडीच्या काचेतून. डावीउजवीकडं सपाट माळ, दूरवर डोंगराची कड.)

केप टाउनहून उत्तरेला जाणारा रस्ता धरला की साधारण तीनशे किलोमीटरवर व्हॅनराइन्सडॉर्प लागतं. त्याच्या पुढं क्नेर्सव्लाक्त. पांढऱ्या गारगोट्यांचा माळ. चुन्याची गोणी फुटून सांडावी तसा, नजर जाईल तिथवर पांढरा. इथं वर्षाला शंभर-दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो. बेळगावात जुलैचा एखादा जोरदार आठवडा तेवढा देऊन जातो. महिने तेच, जून ते ऑगस्ट, पण तिथं तो हिवाळा. थंडीतला पाऊस, आणि बाकी ओल समुद्रावरून येणाऱ्या धुक्याची आणि दवाची.

गाडीतून उतरलो तेव्हा कुणाला काहीच दिसलं नाही. सोबतच्या वाटाड्या बाईंनी आधीच बजावलं होतं: एकामागं एक चालायचं, दगड उलटायचा नाही, फोनमधलं जागेचं बटण बंद ठेवायचं. मग त्या एका ठिकाणी थांबल्या आणि म्हणाल्या, बसा.

आम्ही बसलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पोरगा आधी ओरडला. त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर गारगोट्यांत एक गारगोटी फुगीर होती, मधे चीर असलेली. मग दुसरी दिसली. मग डोळ्यांना एकदा सवय झाल्यावर पाय कुठं ठेवावा हेच कळेना. शेकडो. अर्गिरोडर्मा म्हणजे रुपेरी कातडीचं झाड. जवळपास सगळी जात या एका माळावरच आहे. तिथले लोक त्याला 'बाळाचे कुल्ले' म्हणतात. काकूनं हे ऐकलं आणि हसत हसत डोळे पुसले. 1811 साली विल्यम बर्चेल नावाचा इंग्रज प्रवासी याच देशात, प्रीस्काजवळ, एक विचित्र खडा उचलायला वाकला आणि हातात झाड आलं. ते लिथॉप्स होतं. तो का फसला, ते त्या दिवशी समजलं.

(दृश्य: अगदी जवळून. वाळकं बोंड, त्यावर पाण्याचा थेंब.)

वाटाड्या बाईंनी जमिनीवर गळून पडलेलं एक बोंड तळहातावर घेतलं आणि त्यावर बाटलीतले दोन थेंब सोडले. काही मिनिटांत ते उघडलं, चांदणीसारखं. आपल्याकडं तेरड्याचं बोंड पिकलं की तडकतं आणि बी उधळतं. हे उलट आहे. हे उन्हात मिटून राहतं आणि पाऊस आला तरच दार उघडतं, म्हणजे बी पडेल ते ओल्या जमिनीवरच. वाळलं की पुन्हा मिटतं. हिशेबनीस कितीतरी वेळ त्या तळहाताकडं बघत राहिले.

काकू मात्र जमीन चाचपत होती. वरच्या गारगोट्या दुपारीही फारशा तापलेल्या नव्हत्या, पांढरा रंग ऊन परतवून लावतो. "मी यांना दर रविवारी पाणी घालत होते," ती म्हणाली. या झाडांना जुनी पानं असतात, नवी जोडी त्यांच्याच पोटात वाढते आणि त्यांचंच पाणी पिऊन मोठी होते. तेव्हा वरून पाणी घातलं की जुनं पान सुकत नाही, आणि आपल्या दमट उकाड्यात सगळंच सडतं.

(दृश्य: गाडीत. दादा खिडकीबाहेर बघतायत.)

दादांबद्दल सांगायला हवं. त्यांच्याकडं घरी एक कोनोफायटम आहे. ऑनलाइन घेतलेलं, स्वस्तात, मुळं तुटलेली, वाळक्या सालींचे जाड थर चढलेलं, एका बाजूला खरचटलेलं. त्यांना ते जुनं म्हणून आवडायचं. वाटाड्या बाई सांगत होत्या, बियाण्यापासून नर्सरीत वाढलेलं रोप एकसारखं, स्वच्छ असतं. आणि गेल्या काही वर्षांत, विशेषतः कोरोनाच्या काळापासून, या माळांवरून लाखो रोपं चोरून उपटली गेली आहेत. जी खडकाच्या फटीतून खरवडून काढतात ती ओळखू येतात. तुटकी मुळं. जाड साली. ओरखडे.

दादांनी फोनमधला फोटो दाखवला. बाईंनी तो बघितला आणि फोन परत दिला. काही बोलल्या नाहीत. त्या संध्याकाळी दादा जेवले नाहीत. मला त्यांना दोष देता येत नाही. ज्याला खूण माहीत नाही त्यानं ती ओळखावी कशी? पण आता आम्हा पाचजणांना ती माहीत आहे, आणि हा व्हिडिओ बघणाऱ्या तुम्हालाही.

(दृश्य: रिख्टर्सवेल्ड. उतारावर एकट्या उभ्या खोडांच्या रांगा.)

आणखी उत्तरेला रिख्टर्सवेल्ड, 2007 पासून जागतिक वारसास्थळ. वाटेत भात्याची झाडं. त्यांच्या पोकळ केलेल्या फांद्यांत सान लोक, म्हणजे तिथले मूळचे शिकारी, बाण ठेवायचे. आणि डोंगरउतारावर 'हाफमेन्स', म्हणजे अर्धा माणूस. काटेरी खांबासारखं खोड, शेंड्याला पानांचा झुबका, आणि तो झुबका उत्तरेला कललेला. दक्षिण गोलार्धात हिवाळ्यातलं ऊन उत्तरेकडून येतं, म्हणून. इथल्या मूळच्या नामा लोकांची गोष्ट वेगळी आहे. ते म्हणतात, ही उत्तरेतून हाकलली गेलेली माणसं. पळता पळता मागं वळून मुलूख बघितला आणि तशीच थिजली.

आमच्यात कुणी काही बोललं नाही. सीमाभागातली माणसं आहोत.

(दृश्य: खानापूर. दुकानामागची खिडकी. पितळी वाटीएवढी एक कुंडी.)

येताना कुणीही एक खडासुद्धा आणला नाही. काकूनं गच्चीवरची निम्मी रोपं वाटून टाकली. उरलेली ती बियांपासून लावते आहे, आणि वहीत पाणी घातल्याची तारीख लिहिते. दादांनी ते कोनोफायटम ठेवलं आहे. परत पाठवायला पत्ता नाही, आणि टाकवत नाही.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. जुनी साल फाटली होती, आतून हिरवं दिसत होतं. "पाणी घालू का थांबू?" त्यांनी काकूला विचारलं.

"थांबा अजून," काकू म्हणाली.