आवर्तन

श्रोतेहो, नमस्कार.

उजळणी, घोकणी, पालुपद... एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. मला त्यातला सर्वांत भरीव वाटतो तो 'आवर्तन'.

संस्कृतातला 'वृत्' हा धातू. फिरणं, वळणं हा त्याचा एक अर्थ. त्याला 'आ' लागला की दिशा बदलते. 'गमन' म्हणजे जाणं, 'आगमन' म्हणजे येणं, तसंच. आवर्तन म्हणजे फिरून परत येणं. आवृत्ती आणि भोवऱ्यासाठीचा 'आवर्त' हे याच घरातले.

तबल्याकडे कान द्या. तीनतालाच्या सोळा मात्रा, 'धा धिं धिं धा'पासून मोजा. सोळावी झाली तरी आवर्तन पुरं झाल्यासारखं वाटत नाही. ते पुरं वाटतं पुढच्या 'धा'वर, समेवर. आणि ती तर नव्या आवर्तनाची पहिली मात्रा! शेवट आणि सुरुवात एकाच थापेत. नुसत्या पुनरावृत्तीत हे सुख नाही.

गणपती अथर्वशीर्षाच्या फलश्रुतीत 'सहस्रावर्तनात्' असा हा शब्दच आहे. एकवीस आवर्तनं करायची, तर फलश्रुती एकदाच, शेवटी म्हणायची पद्धत आहे. रुद्राची अकरा आवर्तनं म्हणजे एकादशणी, अशा अकरा एकादशण्यांचा लघुरुद्र, म्हणजे 121 आवर्तनं.

पण या शब्दाला खरा मान दिला तो आपल्या शेतकऱ्यानं. अहिल्यानगर, पुणे, सोलापूरकडे कालव्याला ठरावीक दिवस पाणी सुटतं, त्याला 'आवर्तन' म्हणतात. पाटबंधारे खात्यातला कारकून आणि ऊस, कांदा पिकवणारा माणूस, दोघांच्या तोंडी तोच शब्द. पाणी हवं तर सात नंबरचा अर्ज भरायचा. मग शेजपाळीनं, एकाशेजारी एक, पाळ्या लागतात. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, जायचं. कालव्याच्या शेवटाला ज्याचं रान, त्या टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचेस्तोवर धीर नसतो, कारण आवर्तन बंद झालं की पुढचं सुटेपर्यंत कित्येक आठवडे जातात, आणि गहू ओंबीत असला तर तेवढ्यात दाणा बारीक पडतो. वर्तमानपत्रात 'आवर्तन लांबणीवर' हे तीन-चार ओळींचं वृत्त येतं ना, ते या माणसाबद्दल असतं.