परवानगीविना बंधारे

नमस्कार श्रोतेहो. पूर आला की आपण पुलावर जाऊन पाणी किती चढलं ते बघतो. बघायला हवं ते वर, पाणलोटात. पाऊस तेवढाच पडतो. तो खाली किती वेगानं येतो, यावर पूर ठरतो. रान, गवत, पाणथळ जमीन असली की पाणी रेंगाळतं, मुरतं आणि उन्हाळ्यात झऱ्यावाटे परत येतं. लक्षात ठेवा, पाणी कोंडायचं नाही, रेंगाळवायचं.

आता माझा आवडता किस्सा. चेक प्रजासत्ताकात ब्रडी नावाचा डोंगराळ भाग आहे. पूर्वी तिथं लष्कराचा सराव चाले. सैनिकांनी चर खणून पाणथळ जमीन कोरडी केली होती. ती पुन्हा ओली करायला छोटे बंधारे घालायचे, असा आराखडा 2018 मध्ये झाला. मग जमीन कुणाची, परवानगी कुणाची, यात फाइल फिरत राहिली. फाइलीला पाय असतात, पण ते गोल गोलच चालतात, असं माझं मत! 2025 च्या सुरुवातीला बातमी आली, की बीव्हर नावाचे आठ प्राणी तिथं बंधारे बांधून मोकळे झालेत. तेही हवे तिथंच! सरकारचे 3 कोटी क्राउन वाचले.

बीव्हर उंदराच्या गणातला, पण वजन 20 किलोच्या आसपास. दातांनी झाड पाडतो, फांद्या प्रवाहात आडव्या रचतो, फटींत पुढच्या पंजांनी चिखल दाबतो. कशासाठी? घराचं दार पाण्याखाली राहावं, शत्रू आत शिरू नये म्हणून! बंधारा पाझरतो, आणि पाझरायलाच हवा. आपण मात्र ओढ्यात झाड पडलं की ते काढायला धावतो. नदीची बाग कशाला करायची? असो.

इंग्लंडमधल्या पिकरिंग गावाला 1999 ते 2007 दरम्यान चार पूर आले. पूर अडवणारी भिंत परवडेना. मग वरच्या ओढ्यांत ओंडक्यांचे पाझरते बंधारे घातले, झाडं लावली, खाली पाणी काही काळ थोपवायला मातीचा बांध घातला. डिसेंबर 2015 मध्ये पुराचा जोर 15 ते 20 टक्क्यांनी घटला, गाव वाचलं. पाणी कोंडलं नाही, रेंगाळवलं. मात्र तो पाऊस 36 तासांत 50 मिलिमीटर होता. जमीन आधीच तुडुंब असताना ढगफुटी झाली, तर ओंडके पुरे पडत नाहीत. तिथं सखल भागातली वस्तीच हलवावी लागते.