पिकाचा फोटो पाठवताय? मग शेत पण दिसू द्या

नमस्कार मंडळी. शेतकरी दादा, ताई, आणि घरात फोन ज्यांच्या हातात असतो ती सगळी पोरंपोरी, तुम्हालाही नमस्कार, कारण आजचं बोलणं निम्मं तुमच्यासाठीच आहे.

जुलै लागला की माझ्या व्हॉट्सअपवर सोयाबीनची पिवळी पानं यायला लागतात. एकच पान, दोन बोटांत धरलेलं, फोटो थोडा हललेला, आणि खाली तीनच शब्द, "मॅडम काय मारू?" आता हे पान पिवळं का पडलंय ते त्या एका पानावरून मलाच काय, विद्यापीठातल्या मोठ्या शास्त्रज्ञालाही छातीठोक सांगता येणार नाही. कारण बघा, खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय असं वाटतं, शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्यागार असतील तर लोह, चुनखडीच्या रानात हे हमखास दिसतं. पानावर पिवळे-हिरवे वेडेवाकडे चट्टे असतील तर पिवळा मोझॅक, आणि तो पांढऱ्या माशीने पसरतो. आणि पाणी साचलेल्या भागातलंच तेवढं पीक पिवळं असेल तर औषध कशाला, चर काढून पाणी बाहेर काढायचं. चार कारणं, चार वेगळे उपाय, आणि फोटोतलं पान दिसायला जवळपास सारखंच. मोझॅकवर बुरशीनाशक मारलं तर पैसे गेले, कारण तो व्हायरस आहे, तिथे रोगट झाडं लवकर उपटायची आणि माशीकडे बघायचं.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की मी बांधावर उभी असते तर जे जे बघितलं असतं ते मला फोटोतून दाखवा. आधी बांधावरून सगळ्या शेताचा एक, म्हणजे पिवळेपणा पट्ट्यात आहे, कोपऱ्यात आहे का सगळीकडे आहे ते कळतं. मग एक अख्खं झाड, बुडापासून शेंड्यापर्यंत. मग पानाचा वरून एक आणि पान उलटं करून एक, ही उलटी बाजू बहुतेक लोक विसरतात आणि पांढरी माशी, मावा, तुडतुडे बसतात तिथेच. शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे डाग केवढा आहे ते समजतं. भर दुपारच्या उन्हात पान चमकतं आणि काहीच दिसत नाही, सकाळी काढा, नाहीतर स्वतःच्या सावलीत धरा. आणि स्क्रीनवर डागावर बोट ठेवून मगच बटण दाबा, नाहीतर कॅमेरा मागची माती क्लिअर करतो आणि पान धूसर.

डाळिंबावर तेल्या रोग आहे असा संशय असेल तर पान आकाशाकडे धरून, उजेड मागून येईल असा फोटो घ्या, तेलकट डाग लगेच उठून दिसतात.

मक्यात अळी असेल तर तिचा फोटो काढताना दोन टोकं सांभाळा. लष्करी अळीच्या, म्हणजे फॉल आर्मीवर्मच्या डोक्यावर उलटा वाय असतो आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. ही अळी आपल्या देशात २०१८ साली पहिल्यांदा सापडली, तिला ओळखायच्या खुणा ह्याच, आणि लोक नेमका पोंग्यातल्या, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतल्या, भुशाचा फोटो पाठवतात, अळीचा नाही. कपाशीचं बोंड बाहेरून छान हिरवं दिसतं म्हणून बाहेरूनच फोटो काढू नका, गुलाबी बोंडअळी आत असते, बोंड फोडा आणि मग काढा. न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल दिसलं, म्हणजे डोमकळी, तर तिचा जरूर पाठवा. तूर वाळत असेल तर झाड उपटून खोड उभं चिरा, आत काळपट रेघा दिसल्या तर मर रोग. हा चिरलेल्या खोडाचा एक फोटो दहा मेसेजचं काम करतो.

व्हिडिओ कधी, तर जिथे हालचाल बघायची असते तिथे. झाड हलवलं की पांढरी माशी भुर्रकन उडते, ते फोटोत येत नाही. कांद्याची पात काळ्या कापडावर झटकली की फुलकिडे चालताना दिसतात. पंधरा-वीस सेकंद पुरे, फोन आडवा धरा, हात हळू फिरवा, आणि बोला! वाण कोणतं, पेरणी कधीची, आधी काय फवारलं, पाऊस कधी पडला, टाइप करायचं जमत नाही म्हणणाऱ्यांनी तर व्हिडिओतच सांगून टाकावं. आणि त्याच पंपाने आधी तणनाशक मारलं होतं का तेही सांगा, शेजारच्याने बांधावर मारलं असेल तरी सांगा. टू-फोर-डी ह्या तणनाशकाचा नुसता वारा लागला तरी कपाशीची पानं अरुंद होऊन बोटांसारखी चिरतात आणि शेतकरी व्हायरस समजून फवारत बसतो.

आता फोनवाल्या पोरांनो, ऐका. व्हॉट्सअपवर साधा फोटो टाकला की तो दाबून छोटा होतो, बारीक ठिपके पुसले जातात. २०२३ पासून फोटो पाठवायच्या आधी वर एचडी असं बटण येतं, ते दाबा. त्याहून चांगलं हवं तर फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा पोचतो. फक्त एक, डॉक्युमेंटमधून फोटो कुठे काढला ते लोकेशनही जाऊ शकतं, शेताचं गेलं तर मला उलट बरंच आहे, पण घरच्या, लेकराबाळांच्या फोटोंना ही पद्धत अनोळखी ग्रुपवर वापरू नका.

औषधाच्या डब्याचा फोटो काढायला कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. लेबल जवळून, नाव, टक्केवारी, एक्सपायरी आणि त्रिकोणाचा रंग दिसेल असा. लाल त्रिकोण म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन कित्येक शेतकरी आणि मजूर गेले, ते आपण विसरायचं नाही. कुणाला मळमळ, चक्कर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असं झालं तर आधी दवाखाना, आणि डॉक्टरांना तो डबा नाहीतर लेबलचा हा फोटो दाखवायचा, शरीरात काय गेलंय ते कळलं की उपचार लवकर सुरू होतात.

आणि लिंक. यूट्यूबचा अर्ध्या तासाचा व्हिडिओ पाठवून "हे बरोबर आहे का" विचारता, तेव्हा कितव्या मिनिटाला काय सांगितलंय तेवढं लिहा. व्हिडिओ कोणत्या राज्यातला, कोणत्या पिकाचा, किती जुना ते बघा. पंपाला अमुक मिली असं तो सांगतो पण त्याचा पंप पंधरा लिटरचा का वीसचा हे सांगतच नाही, मग डोस चुकतो. फवारल्यावर नाही, फवारायच्या आधी विचारा.

दुसरी लिंक पैशांची. पीएम किसानचा हप्ता अडकलाय, हे ॲप टाका, असा मेसेज येतो, फाइलच्या शेवटी एपीके असतं. ते उघडायचं नाही, पुढे पाठवायचं तर अजिबात नाही. पत्ता वाचताना पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधी काय लिहिलंय ते बघा, सरकारी असेल तर तिथे जीओव्ही डॉट इन असतं, पत्त्याच्या सुरुवातीला पीएमकिसान लिहिलंय म्हणून भुलू नका. चुकून पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. पिकाचं विचारायला फोटो नसला तरी चालेल असा नंबर हवा असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

आणि हो, एक राहिलं. ज्या झाडाचा फोटो पाठवला त्याला सुतळी बांधून ठेवा आणि फवारणीनंतर आठवड्याने त्याच झाडाचा, त्याच बाजूने परत फोटो पाठवा. औषध लागू पडलं का नाही हे त्यावरूनच कळतं, आणि पुढचा शेतकरी तोच प्रश्न घेऊन येतो तेव्हा मला दाखवायला काहीतरी असतं. नमस्कार.