नळ खाकरतो तेव्हा

मंडळी, ‘छोट्या गोष्टींत आनंद माना’ असं कोणी सांगू लागलं की मला जरा वैतागच येतो. मानायचा म्हणून आनंद मानता येत नाही. सकाळी नळ सोडला, पाणी आलं आणि मी भारावून तिथेच उभा राहिलो, असं कधी झालेलं नाही. तुमचंही झालं नसेल. जे रोज न चुकता होतं ते दिसेनासं होतं. ज्या सेवेचा दिवसातून चार वेळा विचार करावा लागतो, ती अजून धड चालत नाही असं खुशाल समजा.

मध्यंतरी आमच्याकडे तीन दिवस पाणी नव्हतं. चौथ्या दिवशी पहाटे, चुकून उघडा राहिलेला नळ आधी खाकरला. मग नुसती हवा फुसफुसली, मग दोन-चार पिचकाऱ्या, थोडं गढूळ, आणि मग बादलीत सलग धार. मी अंथरुणात पडून तो आवाज ऐकत होतो. उठून नळ बंद करायलाही हात धजेना! आणि संध्याकाळी? संध्याकाळी मी त्याच नळाखाली हात धूत भलत्याच कुणावर तरी चिडलो होतो. ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये याच सवयीवर लिहिलं: सुख वाढलं की अपेक्षाही तितकीच वर सरकते, आणि माणूस चालून चालून जागच्या जागी.

म्हणून कृतज्ञतेच्या वाटेला मी फारसा जात नाही. मला कुतूहल जास्त उपयोगी पडतं. वस्तू कशी चालते हे एकदा कळलं की ती पुन्हा दिसायला लागते.

बेसिनखालचा तो वाकडा पाइप घ्या. प्लंबर त्याला ट्रॅप म्हणतात. त्या वाकणात थोडंसं पाणी कायम अडून राहतं आणि गटारातली दुर्गंधी त्या ओंजळभर पाण्यापाशी थांबते. झडप नाही, मोटर नाही, काही नाही. १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या एका घड्याळजीनं फ्लशच्या संडासाचं पेटंट घेतलं, त्यात हे वाकण होतं. (घड्याळं करणाऱ्याला संडासाचं सुचावं, हे मला फार आवडतं.) घर महिना-दोन महिने बंद राहिलं की ते पाणी वाळतं, आणि दार उघडताच घरभर वास. आपण म्हणतो, घर कोंदलंय. बऱ्याचदा मोरीत मगभर पाणी ओतलं की काम भागतं.

नळाच्या पाण्याला कधी कधी येणारा क्लोरीनचा वासही तसाच. शुद्धीकरण केंद्रात पाणी स्वच्छ झालं तरी पुढे मैलोन्‌मैल नळातून जायचं असतं, म्हणून थोडा क्लोरीन मुद्दाम पाण्यात शिल्लक ठेवतात. शेवटच्या घरापर्यंतची राखण तो करतो, आणि आपण नाक मुरडतो.

विजेचं तर विचारूच नका. आपण वापरतो ती वीज बहुतेक वेळा त्याच क्षणी तयार होत असते. तुम्ही दिवा लावला की कुठेतरी फिरणाऱ्या जनित्रांवर तेवढा भार वाढतो आणि त्यांचा वेग केसभर मंदावतो. एका दिव्यानं ते मोजण्याइतकं होत नाही, पण लाखो घरांत एकदम दिवे लागले की होतं. मग वाफेची किंवा पाण्याची झडप थोडी जास्त उघडते आणि वेग पुन्हा जागेवर येतो. या वेगावरच विजेच्या प्रवाहाची आवर्तनं ठरतात: जगात बहुतेक ठिकाणी सेकंदाला ५०, काही देशांत ६०. हा काटा हलू नये म्हणून नियंत्रण कक्षात रात्रपाळीला माणसं बसलेली असतात. त्यांची रात्र चांगली गेली, तर आपल्याला त्यातलं काहीच कळत नाही.

मघाशी मी आलो तेव्हा कुणीतरी माझ्यासाठी डोक्यावरचा हा पंखा लावला. बटण दाबल्याचा आवाज ऐकला मी.