बॅकअप चालू असताना कोण थांबतं?

मंडळी, बॅकअपचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात: वेळ किती लागतो आणि जागा किती जाते. मला तिसरा प्रश्न या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा वाटतो. बॅकअप चालू असताना व्हीएमच्या, म्हणजे एका सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी मशीनच्या, आतला कोणता प्रोग्रॅम डिस्कची वाट बघत बसतो? रात्री दोनला बॅकअप लागतो आणि सव्वादोनला डेटाबेस टाइमआउट द्यायला लागतो, ही तक्रार तुमच्यापैकी अनेकांच्या ओळखीची असेल. आज मी बोलणार आहे ते मुख्यतः प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीबद्दल, कारण छोट्या संस्थांमध्ये हल्ली तेच जास्त दिसतं.

प्रॉक्समॉक्समध्ये बॅकअपचे तीन मोड आहेत: स्टॉप, सस्पेंड आणि स्नॅपशॉट. सस्पेंड सोडून द्या, त्याचा आज फारसा उपयोग नाही. बहुतेक सगळे स्नॅपशॉट वापरतात, आणि त्यात खरं काय घडतं हे नीट बघितलं पाहिजे. इथे स्टोरेजचा स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणाची गोठवलेली प्रत, घेतला जात नाही. व्हीएम चालवणारा क्यूइमू हा प्रोग्रॅम स्वतःच डिस्क सुरुवातीपासून वाचत जातो आणि बॅकअप सर्व्हरकडे पाठवत राहतो. व्हीएम मात्र चालूच असते. तिने मध्येच अशा जागी लिहायचं ठरवलं, जिथवर बॅकअप अजून पोचलेला नाही, तर? बॅकअप सुरू झाला त्या क्षणाची प्रत हवी असते, म्हणून क्यूइमू आधी तिथला जुना डेटा बॅकअपकडे रवाना करतो आणि मगच नवा राइट होऊ देतो. तोपर्यंत तो राइट अडकलेला असतो.

हे अडकणं किती मोठं असतं ते आकड्यांत मांडतो. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर व्हीएमची डिस्क ४ एमबीच्या तुकड्यांत बघतो. डेटाबेसने ४ केबीचा एक राइट केला, तर त्याच्यासाठी अख्खा ४ एमबीचा तुकडा वाचावा लागतो, त्याचा हॅश, म्हणजे ओळखीचा आकडा, काढावा लागतो आणि तो तुकडा सर्व्हरकडे आधीपासून नसेल तर नेटवर्कवरून पाठवावा लागतो. म्हणजे लिहायचंय त्याच्या १,०२४ पट सामान हलवायचं. १ गिगाबिटच्या नेटवर्कवर एवढ्यालाच सुमारे ३५ मिलिसेकंद जातात. चांगल्या सर्व्हर-दर्जाच्या एनव्हीएमई एसएसडीवर तोच राइट एरवी १०० मायक्रोसेकंदांच्या आत होतो. साडेतीनशे पट फरक झाला, आणि तोही बॅकअप सर्व्हर रिकामा बसलाय असं धरून. तो साध्या हार्ड डिस्कवर चालत असेल आणि त्याच वेळी आणखी चार होस्ट (व्हीएम चालवणारे सर्व्हर) त्याच्यावर तुटून पडले असतील, तर तुमच्या महागड्या एनव्हीएमईचा वेग त्या हार्ड डिस्कच्या वेगाशी बांधला गेला. होस्टवर कितीही पैसा ओता, उपयोग नाही.

२०२४ मध्ये आलेल्या ८.२ आवृत्तीत यावर उपाय मिळाला, त्याला फ्लीसिंग म्हणतात. जुना तुकडा थेट नेटवर्कवर न पाठवता होस्टवरच्याच एका तात्पुरत्या डिस्क इमेजमध्ये ठेवायचा, राइट लगेच सोडायचा आणि तो तुकडा मागाहून सावकाश पाठवायचा. बॅकअप जॉबमध्ये हा पर्याय आपण स्वतः चालू करावा लागतो. ज्या व्हीएममध्ये डेटाबेस आहे, तिथे तो चालू नसेल तर आज घरी गेल्यावर पहिलं काम तेच करा. त्याचं स्टोरेज लोकल, वेगवान आणि थिन, म्हणजे लागेल तेवढीच जागा घेणारं, असलं पाहिजे. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजवर, ठेवलंत तर ज्या दुखण्यावर औषध घेतलं, तेच परत आणलं.

डर्टी बिटमॅपमुळेही ओझं बरंच उतरतं. मागच्या बॅकअपनंतर कोणते तुकडे बदलले याची नोंद क्यूइमू ठेवतो आणि पुढच्या वेळी तेवढेच वाचतो. ही नोंद चालू प्रोसेसच्या मेमरीत असते. व्हीएम पूर्ण बंद करून सुरू केलीत की ती गेली, आणि पुढचा बॅकअप सगळी डिस्क पुन्हा वाचतो. व्हीएमच्या आतून रीबूट केलंत तर प्रोसेस तीच राहते, नोंदही राहते. अपडेटच्या रात्री बॅकअप अचानक चारपट लांबला, तर आधी हे तपासा.

बाकीच्या पद्धतींत वाट बघायची वेळ फक्त वेगळ्या ठिकाणी येते. एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) हिच्या जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटमध्ये प्रत्येक भागावरच्या पहिल्या राइटला जुनी प्रत बाजूला काढावी लागते, आणि त्यासाठी राखलेली जागा भरली की स्नॅपशॉटच बाद होतो. व्हीएमवेअरमध्ये राइट एका डेल्टा फाइलमध्ये जातात, त्यामुळे बॅकअप चालू असताना फार जाणवत नाही. फटका बसतो तो नंतर, डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळताना. झेडएफएस ही फाइल सिस्टिम मात्र मुळातच जुन्या जागेवर लिहीत नाही, म्हणून स्नॅपशॉट जवळजवळ फुकट पडतो आणि पुढच्या वेळी फक्त बदललेला भाग पाठवता येतो. दोन्ही बाजूंना झेडएफएस असेल तर मी निःसंकोच हीच पद्धत निवडेन. पण स्नॅपशॉट त्याच पूलवर (डिस्कच्या त्याच गटावर) पडून असेल तर त्याला बॅकअप म्हणू नका. पूल गेला की दोन्ही गेले.

कोणतीही तुलना करायची तर मोजमाप खरं हवं. डीडी या कमांडने शून्यं लिहून वेग बघू नका. झेडएफएसवर कॉम्प्रेशन चालू असेल तर ती शून्यं डिस्कपर्यंत पोचतच नाहीत. एफआयओ हे मोजमापाचं साधन वापरा: ४ केबीचे रँडम राइट, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच राइट), प्रत्येक राइटनंतर एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर पोचवण्याचा हुकूम). एकदा बॅकअप बंद असताना, एकदा चालू असताना. सरासरीकडे बघू नका, सगळ्यात हळू १ टक्का राइटना किती वेळ लागला ते बघा. डेस्कटॉपसाठीच्या एसएसडीचं पितळ इथेच उघडं पडतं. पाकिटावर सेकंदाला ५५० एमबी लिहिलेलं असतं, पण वीज गेल्यावर डेटा वाचवणारे कपॅसिटर नसल्यामुळे प्रत्येक एफसिंकला तिला खरोखर फ्लॅशपर्यंत जावं लागतं.

गेस्ट एजंट, म्हणजे व्हीएमच्या आत चालणारा छोटा मदतनीस प्रोग्रॅम, मात्र सगळीकडे बसवा. बॅकअप सुरू होताना तो फाइल सिस्टिम क्षणभर गोठवतो. विंडोजमध्ये हेच काम व्हीएसएस या तिथल्याच सेवेमार्फत होतं. तो नसेल तर मिळणारी प्रत म्हणजे चालू मशीनचा प्लग ओढल्यावर राहते तशी डिस्क. पोस्टग्रेससारखा डेटाबेस त्यातून सावरतो, पण प्रत्येक अकाउंटिंग सॉफ्टवेअर सावरेलच असं नाही.

आता रीस्टोअर. बॅकअप सर्व्हरवर १ टीबी म्हणजे ४ एमबीच्या अडीच लाखांहून जास्त फाइली, आणि डीडुप्लिकेशनमुळे (सारखे तुकडे एकदाच ठेवल्यामुळे) त्या डिस्कभर विखुरलेल्या असतात. ७,२०० आरपीएमच्या एका हार्ड डिस्कला प्रत्येक फाइल शोधून वाचायला ४० मिलिसेकंद धरले, तरी तीन तासांच्या आसपास नुसतं वाचण्यातच जातात. लाइव्ह रीस्टोअर वापरलंत तर व्हीएम लगेच सुरू होते आणि तिला लागेल तो तुकडा आधी आणला जातो. वेबसाइटच्या सर्व्हरसाठी ही सोय उत्तम आहे. डेटाबेससाठी मी ती वापरणार नाही, कारण रीस्टोअर मध्येच फसलं तर दरम्यान त्या व्हीएममध्ये लिहिलेलं सगळं जातं. पतसंस्थेचा काउंटर त्यावर चालू केला असेल, तर तासाभरात भरलेल्या पैशांच्या नोंदी त्यात असतात. तिथे गिऱ्हाइकांना तीन तास थांबायला सांगा, पूर्ण रीस्टोअर होऊ द्या आणि मगच काउंटर उघडा.