चेंडू डावीकडे का गेला?

श्रोतेहो, नमस्कार.

खेळल्याने मन हलके होते, हे तालमीत किंवा पार्क मैदानावर घाम गाळलेल्या सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. मात्र त्याच खेळातून आत्मज्ञान मिळेल असे सांगून कोणी फी मागू लागला, की कान टवकारावेत. अमेरिकेत स्थायिक झालेले प्रसिद्ध अध्यात्मगुरू दीपक चोप्रा यांनी २००३ मध्ये गोल्फमधून आत्मबोधाचे धडे देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. मूळचे डॉक्टर असलेल्या या गुरूंनी पुंजभौतिकीचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या क्वांटम शास्त्राचा, सुखसमृद्धीशी जो संबंध जोडला, त्याबद्दल १९९८ मध्येच त्यांना ‘इग नोबेल’ हा थट्टेचा पुरस्कार मिळाला होता.

याच धाटणीचे एक शिबिर काही वर्षांपूर्वी होटगी रस्त्यावरील एका सभागृहात भरले होते. फरशीवर हिरवा गालिचा अंथरून त्याच्या टोकाला एक वाटी आडवी ठेवली होती. जो तो काठीने सुमारे ४६ ग्रॅमचा तो पांढरा चेंडू टोलवी आणि प्रत्येकाचा चेंडू वाटीच्या अलीकडे हातभर अंतरावर डावीकडे वळे. डावी बाजू म्हणजे भूतकाळाचे ओझे, असा खुलासा प्रशिक्षकांनी अत्यंत मृदू आवाजात केला, तेव्हा एका कापड व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि त्यांनी भावाशी झालेल्या वाटणीची हकिकत सर्वांसमोर सांगितली.

यंत्रमागांची दुरुस्ती-जुळणी पाहणारा जॉबर म्हणून उभी हयात घालवलेले एक काका मुलाच्या आग्रहाखातर तेथे आले होते. त्यांचाही चेंडू डावीकडे गेला. काका काही न बोलता गुडघ्यांवर बसले, त्यांनी गालिच्यावरून तळहात फिरवला, कडा उचलली आणि खालून गेलेली माइकची वायर ओढून बाजूला केली. पुढचा चेंडू सरळ वाटीत गेला. त्यानंतर व्यापाऱ्यांचाही गेला, भावाशी समेट न होताच गेला! प्रशिक्षक मात्र जराही विचलित झाले नाहीत. “पाहा, अडथळा दूर झाला,” असे ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

श्रोतेहो, त्या टाळ्याच मला अधिक खटकतात. चेंडू आत गेला तर साधना फळाला आली आणि बाहेर राहिला तर साधक कमी पडला. पुन्हा सांगतो, आत गेला तर गुरूंची कृपा, बाहेर राहिला तर आपला दोष. अशा शिकवणीत गुरू चुकण्याची सोयच ठेवलेली नसते. काठी कशी धरावी हे शिकवणाऱ्या साध्या प्रशिक्षकाची परीक्षा महिनाभराने चेंडू खळग्यात घालायला किती फटके लागतात ते मोजून घेता येते, आणि फटके कमी झाले नाहीत तर त्याला जाबही विचारता येतो. येथे जाब विचारणाऱ्यालाच अहंकारी ठरवले जाते. जॉबर काकांनी फी परत मागितली, तेव्हा त्यांनाही तेच ऐकावे लागले.